अवकाशाचे तिकीट सरकारने आधी काढावे

मंगळयानाचा खर्च ४५० कोटी रुपये. हा आकडा आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण हाच आकडा आता आपल्या विचारांच्या आड येऊ लागला आहे, असे मला वाटते. एखादी मोहीम काटकसरीने पार पाडणे वेगळे आणि अवकाशात जाण्याची वाटच स्वस्त करणे वेगळे. पहिले काम हुशार माणसे, मोजके पगार, आधीच सिद्ध झालेले पीएसएलव्ही रॉकेट आणि अहोरात्र कष्ट यांच्या बळावर साधते. दुसऱ्या कामाची परीक्षा अगदी साध्या प्रश्नाने होते. पुण्यातल्या एखाद्या छोट्या कंपनीने पन्नास-साठ किलोचा उपग्रह बनवला, तर तो कोणत्या महिन्यात, कोणत्या कक्षेत आणि किती रुपयांत वर जाईल, हे भारतातले कोणी तिला आज लेखी सांगेल का? सांगितले तरी ती तारीख पाळली जाईल, असा भरवसा तिला धरता येईल का?

या प्रश्नावर आपल्याकडची चर्चा लगेच 'सरकारी की खासगी' या जुन्या वळणावर जाते. एका बाजूला खासगीकरण झाले की सगळे आपोआप स्वस्त होईल, असे मानणारे. दुसऱ्या बाजूला इस्रोच्या कामाला बाहेरच्यांनी हात लावणे म्हणजे राष्ट्रीय ठेवा विकणे, असे मानणारे. मला दोन्ही बाजू मुख्य मुद्दा चुकवताना दिसतात. रॉकेट कोणाच्या मालकीचे आहे, यापेक्षा ते कोण विकत घेतो, कसे घेतो आणि किती वर्षांच्या बोलीवर घेतो, यावर किंमत आणि भरवसा दोन्ही ठरतात. सरकारने रॉकेटचे मालक असण्यापेक्षा रॉकेटसेवेचे कडक, रोकडे आणि नियमित ग्राहक व्हावे. भारताने २०२० मध्ये दार उघडले, पण सरकार अजून ग्राहक झालेले नाही.

हे ज्या देशात घडून गेले, तिथला अनुभव नीट पाहिला पाहिजे. अमेरिकेने स्पेस शटल बांधले तेच मुळी स्वस्त वाहतुकीच्या आश्वासनावर. १९८१ ते २०११ या तीस वर्षांत शटलची १३५ उड्डाणे झाली. त्यातल्या दोन अपघातांत चौदा अंतराळवीर गेले. सगळा खर्च उड्डाणांवर वाटला तर दर उड्डाणामागे सुमारे दीडशे कोटी डॉलर पडतात. यानाचा मोठा भाग पुन्हा वापरता येत होता, तरी ही गत. अमेरिकेकडे तंत्रज्ञान होते, पैसा होता, जगातले उत्तम अभियंते होते. कंपन्यांबरोबरचे करार मात्र अशा धाटणीचे होते की जो खर्च होईल तो सरकारने द्यायचा आणि वर नफाही द्यायचा. अशा करारात काटकसर करणारा स्वतःचेच नुकसान करून घेतो.

शटल थांबवायचे ठरल्यावर २००६ मध्ये नासाने वेगळी रीत धरली. अंतराळ स्थानकावर सामान पोचवायचे आहे, ते कसे पोचवायचे ते कंपनीने ठरवावे. मदतीची रक्कम आधीच ठरवली. कामाचे टप्पेही ठरवले. टप्पा पार पडला की त्या टप्प्याचे पैसे मिळतील, नाही पडला तर नाही. शिवाय कंपनीने स्वतःचाही पैसा घातला पाहिजे, ही अट. दोन कंपन्या निवडल्या: स्पेसएक्स आणि रॉकेटप्लेन किस्लर. किस्लरला बाजारातून भांडवल उभे करता आले नाही, तेव्हा नासाने २००७ मध्ये तो करार संपवला आणि २००८ मध्ये ऑर्बिटल सायन्सेसला घेतले. सरकारी कामात हे किती दुर्मीळ आहे, हे आपल्याला सांगायला नको. अडलेला प्रकल्प वर्षानुवर्षे पोसत न बसता, थोडक्या नुकसानीत हात काढून घेणे नासाला जमले, कारण करारच तसा लिहिलेला होता.

डिसेंबर २००८ मध्ये जे झाले ते माझ्या मते या सगळ्या कहाणीतले सर्वांत धाडसी पाऊल. स्पेसएक्सला बारा फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलरचे आणि ऑर्बिटलला आठ फेऱ्यांसाठी १९० कोटी डॉलरचे कंत्राट मिळाले. तोवर स्पेसएक्सच्या नावावर काय होते? फाल्कन-१ या लहानशा रॉकेटची चार उड्डाणे. पहिली तीन फसलेली, चौथे त्याच वर्षी सप्टेंबरात कसेबसे साधलेले. ज्या फाल्कन-९ ने सामान न्यायचे होते, ते जमिनीवरून उठलेलेही नव्हते. त्याचे पहिले उड्डाण जून २०१० मध्ये झाले आणि ड्रॅगन यान मे २०१२ मध्ये अंतराळ स्थानकाला जाऊन भिडले. ग्राहक रॉकेटच्या आधी आला, हा त्या यशाचा गाभा आहे. बारा फेऱ्यांची लेखी मागणी हातात असली की कारखाना उभारता येतो, माणसे घेता येतात, बँकेच्या आणि गुंतवणूकदाराच्या दारात उभे राहता येते. पुढे नासाने स्वतःच हिशेब मांडला. आपल्या नेहमीच्या पद्धतीने फाल्कन-९ विकसित करायला जवळपास ४०० कोटी डॉलर लागले असते. कंपनीने फाल्कन-१ सह ते काम सुमारे ३९ कोटी डॉलरमध्ये केले होते.

स्पेसएक्स चालवणाऱ्या इलॉन मस्कच्या प्रतिभेची गोष्ट आपल्याकडे आवडीने सांगितली जाते, आणि त्यात खोटे काही नाही. पण त्या गोष्टीत एक पात्र कायम गाळले जाते: पार पडलेल्या टप्प्याचे पैसे वेळेवर चुकते करणारे सरकार. ते नसते तर चौथ्या उड्डाणानंतरही ती कंपनी बुडाली असती.

नासाने दोन कंपन्या ठेवल्या, याचेही मोल नंतर कळले. २८ ऑक्टोबर २०१४ ला ऑर्बिटलचे अँटारेस रॉकेट व्हर्जिनियात उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळले. २८ जून २०१५ ला फाल्कन-९ हवेत फुटले. पहिल्या वेळी स्पेसएक्स होती; दुसऱ्या वेळी अँटारेस अजून बंदच होते, तेव्हा रशिया आणि जपानची मालवाहू याने होती. दुसरा कोणीतरी होता, म्हणून स्थानकाचे काम थांबले नाही. माणसे नेण्याच्या कंत्राटात तर हे आणखी ठळक दिसते. २०१४ मध्ये बोईंगला ४२० कोटी आणि स्पेसएक्सला २६० कोटी डॉलरचे काम दिले गेले, तेव्हा खात्रीची कंपनी म्हणजे बोईंग, असाच बहुतेकांचा समज होता. जून २०२४ मध्ये बोईंगच्या स्टारलायनरने सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना स्थानकावर नेले. यानाची दिशा सांभाळणारी छोटी इंजिने (थ्रस्टर) बिघडली, हीलियम गळू लागला आणि ते यान रिकामेच परत आणावे लागले. दोघे घरी आले ते मार्च २०२५ मध्ये, स्पर्धक कंपनीच्या ड्रॅगनमधून. किंमत ठरावीक असल्यामुळे बोईंगला स्वतःच्या खिशातून दोनशे कोटी डॉलरहून जास्त तोटा सोसावा लागला. करदात्यावर तो बोजा पडला नाही.

आता आपल्याकडे वळू. जून २०२० मध्ये केंद्राने अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले. परवानगी आणि मदत देण्यासाठी इन-स्पेस ही संस्था उभी राहिली, २०२३ मध्ये अवकाश धोरण आले आणि २०२४ मध्ये परकी गुंतवणुकीच्या मर्यादा सैल झाल्या. १८ नोव्हेंबर २०२२ ला हैदराबादच्या स्कायरूटचे विक्रम-एस आणि ३० मे २०२४ ला चेन्नईच्या अग्निकुलचे अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडाले. दोन्ही उड्डाणे कक्षेपर्यंत न जाणारी, पण अग्निकुलने त्रिमितीय छपाईने एकसंध बनवलेले सेमी-क्रायोजेनिक (केरोसीन आणि अतिथंड द्रव ऑक्सिजनवर चालणारे) इंजिन स्वतःच्या तळावरून चालवून दाखवले. आयआयटीतून आणि इस्रोतून बाहेर पडलेल्या तरुणांनी हे केले. मला त्याचे मनापासून कौतुक वाटते, आणि म्हणूनच त्यांची पुढची वाट अडू नये, असेही वाटते.

खासगी उद्योग या क्षेत्राला नवा नाही, याची आठवण महाराष्ट्रात तरी राहायला हवी. विक्रोळीच्या गोदरेजने इस्रोसाठी 'विकास' नावाची इंजिने बनवली. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरने पीएसएलव्हीच्या घन इंधनाच्या मोटारींची आवरणे बनवली. नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजने स्कायरूटमध्ये पैसे घातले आणि त्या कंपनीच्या काही मोटारींच्या चाचण्याही नागपुरात झाल्या. जुन्या व्यवस्थेत या कारखान्यांचे काम इस्रोच्या आराखड्याबरहुकूम सुटे भाग करून देणे एवढेच होते. आराखडा बदलून तोच भाग निम्म्या किमतीत करता येईल, असे एखाद्या फोरमनच्या डोक्यात आले तरी ते विचारायला कोणी येत नव्हते. आणि मागणी तरी किती? २०२४ मध्ये भारतातून कक्षेसाठी पाच उड्डाणे झाली, २०२५ मध्येही पाच. त्यातही रॉकेटे निरनिराळ्या जातीची. त्याच २०२५ मध्ये फाल्कन १६० हून जास्त वेळा उडाले. वर्षाला दोन-तीन नग काढणारा कारखाना कितीही देशभक्त असला, तरी किंमत खाली आणू शकत नाही, आणि कामगारांचा हातही बसत नाही. रॉकेटमध्ये हात बसणे यालाच पुढे विश्वासार्हता म्हणतात.

लहान रॉकेटांचे गणित तर याहून कठीण आहे. इस्रोने एसएसएलव्ही हे लहान रॉकेट विकसित केले आणि त्याचे तंत्रज्ञान २०२५ मध्ये ५११ कोटी रुपयांच्या बोलीवर हिंदुस्थान एरोनॉटिक्सला द्यायचे ठरले. ते साधारण पाचशे किलो नेणारे. स्कायरूटचे कक्षेत जाण्यासाठीचे विक्रम-१ आणि अग्निकुलचे अग्निबाण याच वजनगटाच्या आसपासचे. म्हणजे एकाच गल्लीत तीन दुकाने. आणि नाक्यावर उभी आहे अनेकांचे उपग्रह एकाच रॉकेटमधून नेणारी स्पेसएक्सची ट्रान्सपोर्टर सेवा, ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या एसटीसारखी. तिच्यात किलोमागे सहा-सात हजार डॉलरला जागा मिळते. १५ फेब्रुवारी २०१७ ला पीएसएलव्हीने एका दमात १०४ उपग्रह सोडले, तेव्हा आपण पेढे वाटले. २४ जानेवारी २०२१ ला ट्रान्सपोर्टरच्या पहिल्याच फेरीने १४३ सोडले आणि त्यानंतर ती सेवा नियमित झाली. विक्रम एकदा मोडला जातो, पण वेळापत्रक वर्षानुवर्षे गिऱ्हाईक ओढत राहते. बंगळुरूच्या पिक्सेल कंपनीचे फायरफ्लाय मालिकेतले पहिले तीन उपग्रह जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातून याच सेवेने गेले. त्यात पिक्सेलचा काही दोष नाही. ज्याला उद्या माल पोचवायचा आहे, तो उद्या सुटणारी गाडीच पकडणार.

लहान रॉकेट किलोमागच्या दरात या सेवेला कधीच हरवू शकणार नाही. न्यूझीलंडमधून उडणारे रॉकेट लॅबचे इलेक्ट्रॉन या वर्गातले सर्वांत यशस्वी, २०२५ मध्ये वीसहून जास्त वेळा उडालेले. तरी त्याचा दर किलोमागे पंचवीस हजार डॉलरच्या आसपास जातो. ते टिकले ते नेमकी कक्षा आणि नेमकी वेळ विकून. त्याच्या नियमित गिऱ्हाइकांत नासा आणि अमेरिकेचे टेहळणी उपग्रह चालवणारी सरकारी संस्था आहे. लहान रॉकेट उडवणाऱ्या व्हर्जिन ऑर्बिट कंपनीच्या मागे एवढे मोठे नाव होते, पण पुरेशी मागणी नव्हती, आणि २०२३ मध्ये तिचे दिवाळे वाजले. आपल्या तीन रॉकेटांना जगाच्या खुल्या बाजारात सोडून 'आता पोहा' म्हणणे, हे त्यांना बुडवणेच आहे.

सरकारने काय करावे, हे इथे अगदी रोखठोक सांगता येते. पाच वर्षांसाठी दर वर्षी चार लहान उड्डाणांची खरेदी आजच जाहीर करावी. किंमत ठरावीक, पैसे टप्प्याटप्प्याने, आणि कंत्राट एकाला न देता किमान दोघांना. वर न्यायला काय आहे, हा प्रश्नच नाही. हवामान, किनारपट्टीवरची टेहळणी, पिकांची पाहणी, सैन्याच्या गरजा आहेत. शिवाय विद्यार्थ्यांचे उपग्रह आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' आणि आयआयटी मुंबईचा 'प्रथम' हे दोन्ही २०१६ मध्ये पीएसएलव्हीवरून गेले. 'प्रथम'चे काम २००७ मध्ये सुरू झाले होते. विलंबाची कारणे अनेक असतील. पण दर सहा महिन्यांनी एक ठरलेली जागा राखून ठेवली, तर ज्या मुलाने उपग्रहाचा आराखडा काढला त्यालाच तो उडताना बघता येईल. अभियंता घडतो तो अशाने.

उपग्रहांच्या बाबतीत सरकार ग्राहक व्हायला लागले आहे, हे मान्य केले पाहिजे. टेहळणीच्या ५२ उपग्रहांपैकी ३१ खासगी कंपन्या बनवणार आहेत. पृथ्वीनिरीक्षणाच्या बारा उपग्रहांचे काम पिक्सेलच्या पुढाकाराने एकत्र आलेल्या कंपन्यांकडे गेले आहे. मग हाच न्याय रॉकेटांना का नको? आपल्या कंपन्यांनी उपग्रह बनवायचे आणि ते न्यायला गाडी परक्याची धरायची, असे होऊ नये.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला, गरीब देशाचा पैसा खासगी कंपन्यांच्या घशात का घालायचा? पैसा आजही जातोच आहे. फरक इतकाच, की आज तो खर्च भागवण्यासाठी जातो आणि माझ्या सूचनेत तो पार पडलेल्या कामासाठी जाईल. रॉकेट पडले तर त्या टप्प्याचे पैसे कंपनीला मिळणार नाहीत. दुसरा आक्षेप मक्तेदारीचा. तो मला जास्त भेडसावतो. जून २०२५ मध्ये मस्क आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यात जाहीर भांडण झाले, आणि त्या भरात मस्कने ड्रॅगन बंद करण्याची धमकी दिली. काही तासांत ती मागे घेतली, पण एका माणसाच्या रागावर एका महासत्तेची अंतराळवीर नेण्याची सोय अवलंबून आहे, हे जगाला दिसले. स्टारलायनर अडखळल्याचा हा परिणाम. म्हणून दोन कंपन्यांचा आग्रह हा शोभेचा नाही. एक मागे पडत असेल तर तिसरीला संधी द्यावी, पण एकीवर कधीच विसंबू नये. अदानी-अंबानी यांच्या हाती क्षेत्र जाईल, अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी तर या अटीसाठी रस्त्यावर उतरले पाहिजे.

इस्रोचे काय? इस्रोने रोजच्या वाहतुकीतून मोकळे व्हावे आणि जे कोणी करू शकत नाही ते करावे: नवी इंजिने, ग्रहांवरच्या मोहिमा, चाचणीच्या सोयी. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा कक्षेतच ठेवून त्यावर नव्या कंपन्यांना आणि महाविद्यालयांना प्रयोग करू देण्याची 'पोएम' ही इस्रोची कल्पना मला फार मोलाची वाटते. ती नेमकी याच वळणाची आहे. अडचण दुसरीकडे आहे. परवानगी देणारी इन-स्पेस, व्यापार करणारी न्यूस्पेस इंडिया आणि रॉकेट बांधणारी इस्रो या तिन्ही एकाच अवकाश विभागाच्या छत्राखाली आहेत. परवाना देणारा, तळ भाड्याने देणारा आणि स्पर्धा करणारा एकाच घरचा असेल, तर बाहेरच्याने कोणाकडे दाद मागायची? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार खासगी यानाने परदेशात केलेल्या नुकसानीची भरपाई शेवटी देशाने द्यायची असते. ती जबाबदारी कंपनी आणि सरकार यांच्यात कशी वाटायची, विमा किती घ्यायचा, हे ठरवणारा कायदा आपण अजून केलेला नाही. त्याचा मसुदा २०१७ पासून फिरतो आहे.

मालक आणि ग्राहक यांतला फरक सगळ्यांत जास्त जाणवतो तो अपयशानंतर. जून २०१५ मध्ये फाल्कन-९ फुटले तेव्हा कंपनीने सांगितले की एका आधारदांड्याचा माल सदोष होता. नासाच्या स्वतंत्र पथकाचे मत वेगळे पडले: अशा कामासाठी तो औद्योगिक दर्जाचा भाग वापरणे हीच आराखड्यातली चूक होती. आणि नासाने ते जाहीर केले. ज्याचा माल बुडाला त्यानेच खडसावून विचारले, म्हणून पुढची उड्डाणे सुधारली. जुलै २०२४ मध्ये फाल्कनचा वरचा टप्पा पुन्हा बिघडला, तेव्हा कारण जाहीर होऊन पंधरवड्यात रॉकेट परत उडाले.

आपल्याकडे १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ च्या तिसऱ्या टप्प्यात मोटारीतला दाब घसरला आणि ईओएस-०९ उपग्रह गेला. चौकशी समिती बसली, पण अहवाल लोकांसमोर आला नाही. १२ जानेवारी २०२६ ला सी६२ उडाले आणि पुन्हा तिसऱ्या टप्प्यातच घात झाला. या वेळी मुख्य उपग्रहाबरोबर डझनाहून जास्त सहप्रवासी उपग्रह होते, त्यात आपल्या नव्या कंपन्यांचे आणि परदेशी ग्राहकांचेही. कोणाची दोन-तीन वर्षांची मेहनत त्यात होती. पहिल्या अपयशाचे नेमके कारण काय, दुरुस्ती काय केली, हे जागा घेण्यापूर्वी त्यांना वाचता आले असते, तर काहींनी कदाचित थांबायचे ठरवले असते. तो त्यांचा हक्क होता. इस्रोच्या अभियंत्यांच्या प्रामाणिकपणावर मला तिळमात्र शंका नाही. पण रॉकेट बांधणारा, ते विकणारा आणि ते का पडले हे तपासणारा एकच असेल, तर अहवाल कपाटात राहणारच.

हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो मिळून ८६० कोटी रुपयांत पाच पीएसएलव्ही बांधत आहेत. त्यांची जागा विकायला निघाल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा तिसऱ्या टप्प्याबद्दलच विचारणार आणि उत्तर अपुरे वाटले तर हप्ता वाढवणार. तो हप्ता शेवटी त्या पन्नास किलोच्या उपग्रहवाल्यालाच भरावा लागेल. सरकारने त्या पाचांतल्या एखाद्या उड्डाणावर ग्राहक म्हणून जागा घ्यावी, आणि करारातली पहिली अट म्हणून सी६१ आणि सी६२ चे दोन्ही अहवाल मागून ते छापावेत.